अक्षरामागं पाच रुपये

मेढ्यातल्या माझ्या दुकानावर फॉरेस्टचा माणूस आला.
तीन बाय दोनचा पत्रा. वर डोंगराचं नाव,
खाली उंची, त्याखाली बाण.
उंची कागदावर होती : ११३७ मीटर.
नावाच्या जागी टाचणीची दोन भोकं.
'गाववाल्यांना विचार आणि लिही,' म्हणाला,
'अक्षरामागं पाच रुपये, काना-मात्रा त्यातच.'

बामणोलीला लाँच.
अंकुश सपकाळ पाटी उभी ठेवू देईना,
वारा धरेल म्हणाला. मी तिच्यावर बसलो.
खाली पाणी, पाण्याखाली त्याच्या आज्याचं शेत,
ते त्यानं बोटानं दाखवलं, कंडक्टर स्टॉप दाखवतो तसं,
आणि परत डिझेलच्या भावावर आला.

घोणसवाडीत अकरा उंबरे, सात कुलपं.
नामदेव उतेकर अंगणात हिरडा वाळवत होते.
'आडवा,' म्हणाले, 'दुसरं काय?
तीन वाजले की आमचं ऊन काखोटीला मारतो.
सून आणताना आम्ही सगळं खरं सांगतो,
फक्त दुपार किती वाजता संपते ते सांगत नाही.'
मी पत्र्यावर खडूनं लिहिलं : आडवा.
तीन अक्षरं, पंधरा रुपये.

कारवीतून दोन तास चालल्यावर
धनगरवाड्यात ठकूबाई ढेबे म्हणाली, आडवा?
ये, हितनं बघ.
गोठ्याच्या दारातून बघितलं तर दाभण.
सरळ, टोकदार,
घोंगडीला टाका घालायला निघालेलं.
'दाभण्या म्हणत्यात. त्या बाजूच्यांना काय दिसतंय,
त्यांनी त्याची पाठ बघितलीया.'
पुसलं. लिहिलं.

खाली शेवऱ्यात बायकाच होत्या, चौघी, वरी कांडत.
नाव विचारलं तर चौघींनी पदर ओढले.
वरची देवी त्यांची थोरली जाऊ, म्हणजे हा थोरला दीर.
'दिराचं नाव घेत्यात व्हय कुठं?'
मग उखाण्यात घ्या, मी म्हणालो.
सगळ्यात म्हातारीनं मुसळ थांबवलं :
'वरीच्या भाताला दुधाची साय,
घेईन की नाव, पण तुझं काम काय?'
पुढचा अर्धा तास कांडण झालंच नाही.
मी हसता हसता दाभण्याही पुसून टाकलं.

चढताना पाटीचं एक टोक प्रज्योत जंगमनं धरलं,
इयत्ता सहावी.
'आम्ही पोरं ह्याला हॅलो म्हणतो.'
वर दोन दगड. एकाला शेंदूर, त्याला कोणी पाय लावत नाही.
दुसरा पायांनीच गुळगुळीत झालेला :
त्याच्यावर डावीकडं कलून उभं राहिलं
की कोपरखैरण्यातला बाप ऐकू येतो.

प्रज्योत कलला.
'पप्पा, पाटी आलीय. काय लिहू म्हणतोय पेंटर.'
पलीकडं ट्रक मागं घेतल्याची शिट्टी,
कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली,
मग बराच वेळ नुसता वारा, इकडचा का तिकडचा कळेना.
मग, 'तुझी आजी काय म्हणायची ते लिहा म्हणावं.'
'काय म्हणायची?'

रेंज गेली.

पोरगं आणखी थोडं कललं.
आणखी थोडं.
मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला.

मग उंची लिहिली. आकडे मला बरे जमतात.
बाण काढला, खालच्यांना त्याची गरज नव्हती तरी.
वर खडूचे डाग राहिले होते,
त्यांच्यावर हिरव्याचा एक हात फिरवला
आणि ब्रश पुसला.

बिल दिलं :
अक्षरं पाच, आकडे चार, बाण एक.
आकड्यांचेही पाचच धरले. मोकळ्या जागेचे लावले नाहीत.
फॉरेस्टचा माणूस म्हणाला, 'नाव?'
म्हणालो, तिथला हिरवा अजून ओला आहे.

ह्याला आता दोन पावसाळे झाले.